मचूळ पाण्यातला पाहुणा

सासऱ्यांचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून आमच्या घरात मासे आले. हे वाक्य आज सहज लिहून टाकलं, पण सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ते कुणाला सांगितलं असतं तर त्यानं माझं डोकं तपासून घ्यायला सांगितलं असतं. घर लिंगायतांचं, सुताच्या व्यापाऱ्यांचं. पुढं पेढी, मागं बिऱ्हाड, त्यामागं परसात विहीर. अंड्याचं नाव कानावर पडलं तरी सासूबाई चूळ भरून यायच्या.

त्या घरात मी लग्न करून आले होते. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, माशाच्या कालवणावर वाढलेली. नवरा कापडाचं शिक्षण घ्यायला मुंबईला आला होता, मीही तेव्हा तिथंच होते, आमचं जमलं. सासऱ्यांनी लग्नाला होकार दिला तो दोन अटींवर. मी पुन्हा मासा खायचा नाही, ही एक. आणि मी तो कधी खात होते हे या घरात कुणी तोंडातून काढायचं नाही, ही दुसरी. पहिली अट मला जड गेली नाही, कारण सोलापुरात मिळायचा तो तळ्यातला मासा, आणि आम्ही खाडीवाले त्याला मासा म्हणत नाही. दुसरीनं मात्र माझा जीव गुदमरायचा. माहेरची कुठलीही गोष्ट सांगायला घ्या, तिसऱ्या वाक्याला मासा यायचाच. आईचा स्वयंपाक, बाजाराचा दिवस, पावसाळा, आजारपण, कशातही. मग मी तिथंच थांबायची. त्यामुळे माझ्या माहेरी काहीच घडत नसावं असा सासरच्यांचा समज झाला होता.

सासरे माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, शिवीगाळ नव्हती, फक्त बोलणं नव्हतं. काही हवं असलं की सासूबाईंना सांगायचे, त्या नसल्या तर भिंतीवरच्या कॅलेंडरला. "चहा झाला असंल तर बरं हुईल," असं कॅलेंडरला म्हणत आणि मी चहा आणून ठेवत असे. कॅलेंडरवर शंकर-पार्वती होते, त्यांनी कधी चहा केला नाही. मी हसण्यावारी न्यायची, पण आतून मला फार लागायचं. त्यांनी एकदा तरी माझ्याकडे बघून बोलावं, आणि मी जी आहे तिच्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. नवरा या सगळ्यात कुठं होता असं कुणी विचारेल, तर तो मिलमध्ये होता. घरी असला तरी तो मिलमध्येच असायचा.

डॉक्टर सासऱ्यांचे जुने स्नेही. त्यांनी आधी मीठ बंद केलं, मग पेढीवर ओरडणं बंद करायला सांगितलं. मीठ बंद झालं, कारण ते सासूबाईंच्या हातात होतं. ओरडणं काही थांबेना. तेव्हा डॉक्टर मुंबईहून एक नवीन खूळ शिकून आले. काचेच्या पेटीत मासे सोडायचे आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे बघत बसायचं, ब्लडप्रेशर आपोआप उतरतं.

"औषध म्हणून आणायचं हाय," सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं. औषधापुढं कुणाचं काही चालत नाही. लोखंडी चौकटीची पेटी आली, गादीशेजारी स्टुलावर बसली. नवी वस्तू घरात आली म्हणून सासूबाईंनी तिला विभूती लावली आणि झेंडूचा हार घातला. लग्नानंतर मला पहिला मासा दिसला तो असा, सासऱ्यांच्या तक्क्याजवळ, हारातून डोकावणारा. मी दाराआडून बघत होते. कुणाला दिसायच्या आत मी आत गेले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

ते रंगीत मासे टिकले नाहीत. दोष पाण्याचा होता. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहा केला तर फाटायचा. नळ एक दिवसाआड यायचा, तोही थोडा वेळ, नळाला वाटलं तर. ते गोडं पाणी तांब्याच्या घागरीत भरून, वर फडकं बांधून ठेवलेलं असायचं. ते प्यायला, पूजेला आणि पाहुण्याला. माशांच्या पेटीत गोडं पाणी ओतायचं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. विहिरीचं पाणी ओतलं, आणि मासे एकेक करून उलटे तरंगायला लागले. एक मेला की सासऱ्यांचं ब्लडप्रेशर वर. डॉक्टर आले की लोणचं बंद. दुसरा मेला की पापड बंद. अशानं सासरे उपाशी मरतील अशी मला काळजी लागली.

माझे वडील वर्षातून एकदा यायचे. खाडीकाठच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त झाले होते. सासऱ्यांशी त्यांचं छान जमायचं, दोघं पुढारी आणि ऊन या दोन विषयांवर तासन्‌तास बोलत आणि माशाचा विषय दोघंही टाळत. त्या थंडीत वडील टांग्यातून उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर दुधाची किटली होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेली. मी फडकं सोडून आत बघितलं. तळाशी माझ्या बोटाएवढी लेपी होती.

"तुझे ते रंगीत मरतात असं पत्रात लिहिलंस ना," वडील हळूच म्हणाले. "ही जगेल. निघताना दोन होत्या. एक कराडच्या अलीकडे गेली."

"मग?"

"मग काय. एसटीत कुठला तवा," ते म्हणाले, आणि कुणी ऐकलं नाही ना ते बघून घेतलं.

लेपी म्हणजे चपटा मासा. जन्मते इतर माशांसारखीच, उभी. मग वाढता वाढता एका कुशीवर आडवी होते आणि खालचा डोळा सरकून वरच्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. पुढचं सगळं आयुष्य वाळूत पडून, दोन्ही डोळे वर करून. आमच्या गल्लीतही बरेच जण असेच जगायचे, पण त्यांच्याकडे बघून कुणाचं ब्लडप्रेशर उतरलेलं मला माहीत नाही. ही जात भरतीबरोबर खाडीत आत चढते, गोडं आणि खारं पाणी जिथं एकमेकांत मिसळतं तिथं रमते. तिला मचूळच पाणी लागतं. आता इथं कुणी म्हणेल की सुनेचंही असंच असतं. ते मला तेव्हाही चार जणांनी ऐकवून झालं होतं. मी वाळूत पडून राहणाऱ्यातली नव्हते, एवढं सांगून पुढं जाते.

मी पेटीत सीना नदीची वाळू पसरली, विहिरीचं पाणी ओतलं, त्यात मूठभर खडे मीठ विरघळवलं आणि वडिलांनी लेपी सोडली. ती तळाला गेली, अंगाला एक हिसका दिला आणि गायब झाली. सासरे बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले.

"मासा कुटं हाय?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"वाळूत आहे. डोळे शोधा."

सासऱ्यांनी चष्मा आणला. मग खुर्ची आणली. जेवणाच्या वेळेला त्यांना डोळे सापडले आणि ते सासूबाईंना दाखवायला गेले तेवढ्यात लेपीनं जागा बदलली. पुन्हा शोधणं आलं. डॉक्टरांना अभिप्रेत होतं ते हेच असावं. शिवाय पेढीवर कुणी ओरडलं की लेपी दचकून वाळू उडवायची आणि पाणी गढूळ व्हायचं, मग डोळे सापडायला आणखी वेळ. त्यामुळे सासरे स्वतःच हळू बोलायला लागले. मागवाले विणकर सूत न्यायला यायचे ते बिचकायचेच, सावकार भाव सांगताना कुजबुजायला लागले म्हणून.

"सावकार, पेटी रिकामी की," एकानं विचारलं.

"रिकामी न्हाय. हाय त्यात."

त्यानंही शोधली. सापडल्यावर म्हणाला, "ह्यो तर मेलाय."

"जिता हाय. डोळं बघ, हालत्यात."

"खात्यात का ह्येला?"

सासरे एकदम ताठ झाले. "औषध हाय त्ये," ते म्हणाले, आणि दोऱ्याचा भाव पाव आण्यानं वाढवला. आणे जाऊन पुष्कळ दिवस झाले होते, पण सासरे रागावले की जुन्या हिशोबात जायचे.

सासूबाई तिला पाहुणा म्हणायला लागल्या. मासा हा शब्द घरात चालत नव्हता आणि लेपी हा शब्द त्यांना खाण्याचा वाटायचा, तो होताच. पाहुण्याची अडचण एकच होती. तो पिठाच्या गोळ्यांना तोंड लावत नसे. त्याला जिवंत काहीतरी लागायचं. मी मोरीच्या तोंडाशी ओल्या मातीत गांडुळं उकरायची आणि चिमट्यानं त्याच्यापुढं धरायची. माझे हात आधीच बाटलेले आहेत असं घरात न बोलता ठरलेलं होतं, म्हणून हे काम विनातक्रार माझ्याकडे आलं. त्यामुळे सासऱ्यांना दिवसातून एकदा तरी माझ्या दिशेनं बोलावं लागे. "भूक लागल्यागत दिसतीया," ते कॅलेंडरला सांगत. शंकर-पार्वती काही गांडुळं आणायला उठत नसत. मी उठायची.

मी सासूबाईंना बजावून सांगितलं होतं की याला मचूळ पाणीच द्यायचं, वरून मीठ मी घालीन, नळाचं पाणी चुकूनही नको, आणि हे मामंजींना नीट सांगा. त्यांनी मान डोलावली. पण सांगितलं नाही. पाहुण्याला खराब पाणी आवडतं, असं कुठल्या तोंडानं सांगायचं, असं त्यांना वाटलं. सोलापुरात पाण्यावरून माणसाची किंमत कळते. आल्यागेल्याला गोड्या पाण्याचा तांब्या पुढं केला नाही तर घराची अब्रू जाते. त्यात पेढीवर बसणारे लोक डिवचायचे. सावकार, पाहुण्याला मचूळ पाणी पाजता व्हय? एवढं कमावून एक घागर निघंना व्हय? सासरे वरवर हसायचे. पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळा आला. पेटीला मी ओलं पोतं गुंडाळून ठेवायची. अक्षय्य तृतीयेला नवऱ्याच्या मित्राचं लग्न कुर्डुवाडीला होतं, आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. त्या दिवशी पाणी दान करायची रीत आहे. सासूबाई दरवर्षी जंगमाला, म्हणजे घरच्या स्वामींना, भरलेली घागर द्यायच्या. हे मला माहीत होतं, पण त्यात आपला पाहुणाही येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पेढीत पाऊल टाकलं आणि मी थबकले. पेटीतलं पाणी इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. पलीकडची भिंत आरपार दिसत होती. लेपी वाळूच्या वर पडली होती, उघडी. तिचा रंग उतरून ती राखेसारखी झाली होती, अंगावर पांढरट बुळबुळीत थर आला होता आणि कल्ले भराभर हलत होते. सासरे शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांचा सदरा भिजलेला होता.

"गोडं पाणी कुणी घातलं?" मी ओरडले. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकला होता आणि मी सगळ्या पेढीला ऐकू जाईल अशी ओरडले होते. सासूबाई आतून धावत आल्या. मला वाटलं त्यांनीच घातलं. मी त्यांच्याकडे वळले.

"मी घातलं," सासरे म्हणाले.

त्यांनी ते कॅलेंडरला सांगितलं नाही. माझ्याकडे बघून सांगितलं. आयुष्यात कधी घागर न उचललेला माणूस, डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा बंदी केलेली, त्यानं सणाच्या दिवशी स्वतः जुनं पाणी उपसून घागरी ओतल्या होत्या, आणि आज ती मलूल दिसली म्हणून उरलेल्याही. घरातलं प्यायचं सगळं पाणी त्यानं माझ्या माहेरच्या माशाला पाजलं होतं. मला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी त्यांची इतकी माया वाटली की काय करावं ते सुचेना.

"आता काय करायचं ते सांग," ते म्हणाले.

मी विहिरीवर गेले. रहाट ओढून बादल्या भरल्या. एकदम पाणी बदललं तर ती दगावली असती, म्हणून एक तांब्या गोडं काढायचं, एक तांब्या मचूळ घालायचं, मग थांबायचं, असं सुरू केलं. सासरे काढत होते, मी घालत होते. मधूनमधून मी मिठाचं पाणी सोडत होते. किती झालं ते बघायची आमच्या खाडीवर एकच रीत, बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. मी लावलं. अजून फिकं होतं. आणखी मीठ घातलं, पुन्हा लावलं.

"किती हवंया?" सासऱ्यांनी विचारलं.

"कसं सांगू? डोळ्यातलं पाणी ओठावर आलं तर लागतं, त्याहून कमी."

त्यांनी जरा विचार केला. मग सदऱ्याची बाही वर सारली, बोट पेटीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. माशाच्या पाण्यातलं बोट. सासूबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. "शिवा शिवा," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. सासऱ्यांनी डोळे मिटून चव घेतली आणि पुन्हा एकदा बोट बुडवलं. मला शंका आली की हे आता मासा विसरून नुसते मीठ चाखताहेत. बिचाऱ्यांच्या जिभेला कित्येक महिन्यांत मीठ लागलं नव्हतं.

"थोडं कमी हाय अजून," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

ऊन उतरेपर्यंत आमचं हे चाललं. शेवटी लेपीनं कडा हलवल्या, अंगाला नेहमीचा हिसका दिला आणि वाळूत गेली. आम्ही दोघं डोळे शोधायला वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. सासूबाई म्हणाल्या, आता प्यायला पाणी न्हाय, नळ उद्या येणार. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडून एक कळशी मागून आणावी लागली, आणि कशासाठी ते सांगताना नवऱ्याची फार पंचाईत झाली.

त्यानंतर सासरे माझ्याशी बोलायला लागले. आणि एकदा लागले ते थांबेनातच. सुताचे भाव, कुणाच्या मागाचा ठोका कसा, कानडीत कुठल्या भाजीला काय म्हणतात, सगळं. मी कधीकधी कॅलेंडरकडे बघायची, की बाबा रे, आता तू जरा ऐक. पण एक गोष्ट तशीच राहिली. बोलता बोलता मी माहेरच्या एखाद्या दिवसाबद्दल सांगू लागले आणि चुलीपाशी आले, की त्यांची नजर शंकर-पार्वतीकडे जायची. मी थांबायची. माझ्याशी बोलायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण त्या खाणाऱ्या मुलीशी नाही. तेवढं माझ्या मनात सलत राहिलं.

लेपी पुढच्या थंडीपर्यंत जगली, तळहाताएवढी झाली. एका सकाळी ती वाळूच्या वर होती आणि हलत नव्हती. मी पाणी चाखून बघितलं, पाण्यात काही खोट नव्हती. तिचं आयुष्य संपलं होतं. रंगीत मासे मेले तेव्हा मोलकरणीनं ते उकिरड्यावर टाकले होते. हिला टाकू द्यायला सासरे तयार नव्हते.

"पुरू या," ते म्हणाले.

सासरच्यांकडे माणसाला जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात विभूती घालतात आणि मीठ. सासऱ्यांनी परसात विहिरीच्या कडेला स्वतः हातानं खड्डा केला. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी उरलंसुरलं जेवणही बंद केलं असतं. देव्हाऱ्यातली विभूती त्यांनी चिमटीत आणली. नवरा उभा होता, तो त्या दिवशी मिलमध्ये नव्हता. सासूबाई मागच्या दारात होत्या.

"मीठ आण गं," सासऱ्यांनी मला सांगितलं.

मी मूठभर मीठ आणलं. लेपी पळसाच्या पानावर ठेवली होती. मीठ खड्ड्यात टाकायचं होतं. पण समोर मासा आणि मुठीत मीठ, माझ्या हातांनी मला काही विचारलंच नाही. मी उकिडवी बसले, लेपी डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हातानं शेपटीकडून डोक्याकडे मीठ चोळायला लागले, आई चुलीपाशी चोळायची तसं. एक बाजू झाल्यावर माझ्या लक्षात आलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. नवरा जमिनीकडे बघत होता. मी हात थांबवला.

सासरे माझ्या हाताकडे बघत होते. परसात कॅलेंडर नव्हतं.

"तुमच्यात असंच लावत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"खायाच्या आधी?"

"खायच्या आधी."

मग माझ्यासमोर तेही उकिडवे बसले, गुडघ्यांवर हात देत, सावकाश.

"मग थांबलीस का," ते म्हणाले. "हाताला सवय हाय तुझ्या. दुसऱ्या अंगालाबी लाव. नीट लाव."

मी लेपी उलटी केली, दुसऱ्या अंगाला मीठ लावलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत रडले.